तुलनेची बाळं

“लाल ताऱ्याकडे टक लावून बघायचं नाही, पोरी. नजर टाकायची आणि काढून घ्यायची. बघत राहिलीस तर तो वाढतच जातो.” ऑब्री पेंगेलींनी हे मला सांगितलं तेव्हा मी त्यांची विद्यार्थिनी होते आणि कुणाचंही काही ऐकायची मला गरज वाटत नव्हती. कार्बनच्या ताऱ्यांवर त्यांनी आयुष्य काढलं होतं आणि त्यांच्या हाताखाली मी त्याच ताऱ्यांवर प्रबंध लिहीत होते. त्यांचं म्हणणं असं की लाल प्रकाश डोळ्यात हळूहळू साचतो. बघत राहिलं की तारा आहे त्याहून ठळक वाटायला लागतो आणि बघणारा अगदी प्रामाणिकपणे चूक लिहून ठेवतो. मी हसले होते. म्हटलं, “ऑब्री, आता डोळ्यांनी बघतं कोण?” आमच्या वतीनं बघायला यंत्र होतं. दुर्बिणीच्या मागच्या टोकाला बसवलेलं ते यंत्र ताऱ्याचा प्रकाश पिंजून त्याचा वर्णपट पसरून ठेवायचं, आणि मी दुसऱ्या दिवशी खिडकीशी बसून, टोस्टचे कण झटकत, तो वाचायची. टक लावून बघावं असं माझ्याकडे तेव्हा काही नव्हतंच.

आता टिली आहे. आठ महिन्यांची. मागच्या आठवड्यातल्या मंगळवारी सुपरमार्केटच्या गल्ल्यावर दुधाच्या बाटल्या सरकवता सरकवता तिथली बाई म्हणाली, “अगं, काय गोड केशरी नाक आहे हिचं!” एखाद्याचे बूट छान आहेत म्हणावं तशा सुरात. मीही हसले, थँक्यू म्हटलं, आणि पैसे देऊन सरकत्या दारापर्यंत आले तेव्हा ते वाक्य मला पोचलं. केशरी? मी ढकलगाडी तिथेच थांबवली. मागच्या माणसानं ट्रॉली माझ्या घोट्यावर घातली आणि सॉरी म्हणाला, मीही सॉरी म्हणाले, आणि आम्ही दोघं सॉरी म्हणत असताना मी टिलीकडे बघत होते. वर पांढऱ्याशुभ्र ट्यूबलाइट होत्या. त्या उजेडात माझ्या मुलीचं नाक केशरी होतं. तळहात केशरी होते. एक मोजा नेहमीप्रमाणे पडला होता. तो तळपायही केशरी होता. ती माझ्याकडे बघून हसली. पुढचे दोन दात तेवढे पांढरे होते.

हे आधी कसं दिसलं नाही, असं कुणीही विचारील. रोरीनं नाही विचारलं, कारण दोष त्याचा होता. रोरी माझा नवरा. डोंगरावरच्या वेधशाळेत तो यंत्रं बसवतो आणि दुरुस्त करतो. दुर्बिणीच्या घुमटात लाल दिवे लावतात, म्हणजे अंधाराला सरावलेली नजर मोडत नाही. टिली झाली त्या आठवड्यात त्यानं घुमटातला एक जुना दिवा आणून तिच्या खोलीत लावला. “रात्री दूध पाजलंस तरी तुझी झोप मोडायची नाही,” म्हणाला. कुणी फुलं आणतं, माझ्या नवऱ्यानं दिवा आणला. मला भरून आलं होतं. तर त्या दिव्याखाली मी इतके महिने लंगोट बदलले, न्हाऊ घातलं, मांडीवर झोपवलं. लाल उजेडात सगळं एकाच रंगाचं असतं: दूध, भिंत, बाळ, बाळाचं लंगोटातलं. दिवसा ती झोपावी म्हणून पडदे ओढलेले, आणि बाहेर पडलो की कॅनबेराची थंडी, म्हणजे टोपीपासून पायापर्यंत गुंडाळलेलं एक गाठोडं. लाल तारे लाल का असतात हे शोधण्यात माझी इतकी वर्षं गेली, आणि माझ्या स्वतःच्या मुलीला रंग आहे हे मला दुधाच्या बाटल्या घेताना कळलं.

गाडीत बसून मी दारं लावून घेतली आणि तिच्याकडे बघत बसले. जितकं बघावं तितकी ती केशरी होत गेली. आधी नाक, मग नाकाच्या बाजूच्या घड्या, मग कपाळ. बघता बघता मला आतली सीटसुद्धा पिवळसर वाटायला लागली. ऑब्रींचं ते वाक्य आठवलं आणि मी डोळे मिटले. पण मिटलेल्या डोळ्यांआड निळं दिसलं. टिली जन्मली त्याच्या तिसऱ्या दिवशी तिला कावीळ झाली होती. बहुतेक बाळांना होते तशीच, काही विशेष नाही असं सगळे सांगत होते. तिला एका पेटीत निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं, डोळ्यांवर पट्टी बांधून, समुद्रकिनाऱ्यावर पहुडलेल्या एखाद्या छोट्या उर्मट पर्यटकासारखी. मी पेटीशेजारी खुर्चीत, पोटावरच्या टाक्यांवर हात ठेवून. तो निळा उजेड तिच्या कातडीतला पिवळेपणा तोडतो म्हणे. तेव्हा मला वाटलं होतं, हे सगळं उलटं आहे. कार्बनच्या ताऱ्यात निळा उजेड उरतच नाही, त्याच्या अंगावरचा कार्बन तो गिळून टाकतो, म्हणून तर ते तारे आकाशात सांडलेल्या रक्ताच्या थेंबासारखे दिसतात. आणि इथे माझ्या मुलीला चमच्याचमच्यानं निळा उजेड भरवतायत. तो दिवा बंद झाला तेव्हा सगळ्यांनी मला सांगितलं की संपलं. पण संपलं असं सांगितलेल्या गोष्टींवर माझा विश्वास नसतो. यकृत हा शब्द तेव्हापासून माझ्या पोटात कुठेतरी बसून आहे.

मी रोरीला फोन लावला. “टिली केशरी झालीये.”

“म्हणजे?”

“म्हणजे केशरी. रंग असतो तो.”

“किती केशरी?”

“किती म्हणजे? मी काय फूटपट्टी लावू तिच्या नाकाला?”

“नाही, पण तू नुसती केशरी म्हणतेस, म्हणजे कशाच्या मानानं?” रोरीचं हे असंच असतं, आगीचा बंब बोलवायलाही तो आधी तापमान विचारील. “हे बघ, मी संध्याकाळी आलो की तिच्या खोलीत नीट—”

“तिच्या खोलीतला तो दिवा तू आधी काढणार आहेस.”

 तो म्हणाला, “ओह.” आणि मग, “रविवारी निघायचंय आपल्याला, लक्षात आहे ना? डॉक्टरांचं त्याआधी उरकू.” रविवारी आम्हाला उत्तरेला जायचं होतं, तिथल्या डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीचं काम निघालं होतं, महिनाभराचं, आणि बाळासकट सगळेच जाणार होतो. दिवसभराचा प्रवास. तिथून यकृताचा डॉक्टर किती लांब, हे मी त्या क्षणी मनात मोजलं.

दवाखान्यात फोन घेणाऱ्या मुलीनं विचारलं, ताप आहे? नाही. खाते का? “उत्तम खाते,” मी अभिमानानं म्हटलं, “भोपळा खाते, रताळं खाते, गाजर तर हातात धरून चघळते.” हसते का? ती मागे सीटवर त्या वेळी गाडीच्या किल्लीशी बोलत हसत होती. मग शुक्रवारी नर्सकडे आणा, म्हणाली. मंगळवार ते शुक्रवार. या मधल्या काळात मी काय करायचं हे तिनं सांगितलं नाही.

मी मला येतं तेच केलं. एखादी गोष्ट लाल दिसली की आमच्यात आधी तिघांना पकडतात. एक, ती मुळातच थंड असेल. थंड तारे लालच. दोन, आपल्या आणि तिच्यामध्ये धूळ असेल; मावळता सूर्य लाल दिसतो तसं. तीन, तिच्या अंगातच काही असेल. नुसत्या रंगावरून तिघांत निवड करता येत नाही, म्हणून वर्णपट घ्यायचा. कार्बनच्या ताऱ्याचा वर्णपट एकदा पाहिला की विसरत नाही. निळ्या-हिरव्या भागात काळे पट्टे, प्रत्येकाला एका अंगानं उभा कडा आणि दुसऱ्या अंगानं उतार, जणू कुणी पायऱ्या खोदल्यात. हे पट्टे येतात त्याचं कारण मला फार आवडतं. ताऱ्यात कार्बन असतो आणि ऑक्सिजन असतो. दोघं भेटले की जोडी जमवतात आणि ती जोडी सहसा तुटत नाही. मग जो जास्त असेल त्याचं काही ना काही उरतं, आणि त्या उरलेल्याचा ताऱ्यावर अंमल चालतो. ऑक्सिजन उरला तर तारा एका वळणाचा, कार्बन उरला तर काजळी धरणारा. लग्नाआधी मी हे फार मजेत सांगायची. आता आमच्या घरातही रोज संध्याकाळी एकमेकांत मिसळून झाल्यावर काहीतरी उरतं, आणि बहुतेक वेळा ती माझी काळजी असते.

त्या संध्याकाळी ऑब्रींनाही फोन केला होता. ते मागच्या रस्त्यावर राहतात, बायको, मार्जरी, गेल्यापासून एकटेच. निवृत्त झाल्यावर त्यांनी यंत्रं सोडली आणि जुन्या पद्धतीनं, डोळ्यांनी, अंगणातल्या दुर्बिणीतून एका ताऱ्याचा नाद धरला. तो कार्बनचा तारा वर्षानुवर्षं शहाण्यासारखा एकसारखा तेवतो आणि मग एखाद दिवशी स्वतःच्याच तोंडावर काजळीचा ढग सोडून दिसेनासा होतो. कधी करील याचा नेम नाही. ऑब्री त्याची वाट बघत होते. आणि वाट बघता बघता भोपळे लावत होते. आमच्या भागात डोंगरावरून वणवा उतरला तेव्हा त्यांचं कुंपण आणि मागची शेड जळली होती. त्या राखेवर त्यांनी पहिली वेल लावली आणि तेव्हापासून त्यांच्याकडे भोपळ्यांना उतार नाही. निळसर करड्या सालीचे, आत जर्द, उचलायला दोन हात लागतील असे. ते दार वाजवत नाहीत. पायरीवर भोपळा ठेवून निघून जातात. सकाळी दार उघडावं तर टाकून दिलेल्या अर्भकासारखा तो बसलेला असतो आणि त्याला घरात घेतल्यावाचून राहवत नाही.

“केशरी?” ऑब्री फोनवर म्हणाले. “तू टक लावून बसली असशील.”

“बसले होते.”

“सांगितलं होतं. नजर टाकायची आणि काढून घ्यायची. आणि शेजारी काय आहे ते बघायचं. एकटा तारा बघून कुणाला काही कळलंय का?” आणि मग आवाज खाली आणून, एखाद्या मुलीला दिवस गेल्याचं सांगावं तसं, “पोरी, माझा तारा उतरायला लागलाय, मंद होतोय. काजळी धरली त्यानं. काल रात्रीपासून.”

मी अभिनंदन केलं. पण मनात शेजारी काय आहे ते बघायचं हेच राहिलं. बरोबर होतं. तारा किती ठळक आहे हे सांगायचं तर शेजारचे न बदलणारे तारे निवडतात आणि त्यांच्याशी ताडून बघतात. तुलनेचे तारे. आणि गुरुवारी तर आमचा आयांचा गट भरतो. सभागृहाच्या लाकडी जमिनीवर गालिचे, त्यावर एका वयाची, एका उपनगरातली, एकाच सर्दीतून गेलेली सात-आठ बाळं. याहून चांगलं तारकाक्षेत्र वेधशाळेला मिळणार नाही.

मी लवकर गेले आणि उत्तरेकडच्या खिडकीखाली, जिथे ऊन येतं तिथे, जागा धरली. थुईचा फिन आला तसा त्याला उचलून टिलीशेजारी ठेवला. थुई माझी गटातली मैत्रीण. तिची जीभ चालते. “काय चाललंय?” ती म्हणाली.

“काही नाही. फोटो काढते.”

“मग मोजे कशाला काढतेस त्याचे?”

“पाय छान आहेत गं त्याचे.”

“मेरिडी, तू आज झोपलीस का काही?”

मी फिनच्या तळपायावर नजर टाकली आणि काढून घेतली. टिलीच्या तळपायावर टाकली आणि काढून घेतली. सारखे. मी रांगत पुढच्या गालिच्यावर गेले. तिथल्या जुळ्यांचे तळहात उघडून पाहिले, सारखे. एक मूल रडायला लागलं, त्याची आई मला म्हणाली काही हवंय का, मी म्हटलं नाही, आणि त्याचंही नाक पाहून घेतलं. सारखं! इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. म्हणजे बाळं अशीच असतात. म्हणजे हा बाळांचा रंग आहे, आणि मी, पहिलटकरीण, पडद्याआड राहून तो विसरले. मी टेबलावरचे दोन लॅमिंग्टन केक एकापाठोपाठ खाल्ले, खोबऱ्याचा भुगा टिलीच्या डोक्यावर सांडत, आणि रोरीला लिहिलं, “सर्व तुलनेशी जुळतं.”

तेवढ्यात थुई म्हणाली, “ते तुझे म्हातारेबुवा आहेत ना, त्यांना सांग, आमचा भोपळा संपला. फिनला दुसरं काही चालतच नाही आता. चमच्यात भोपळा नसला तर तोंड उघडत नाही राजेसाहेब.”

“आमचाही संपला,” जुळ्यांची आई म्हणाली.

तिसरा लॅमिंग्टन माझ्या हातात होता. मार्चमध्ये मीच गाडीच्या डिकीत भरून ऑब्रींचे भोपळे इथे आणले होते. डिकी उघडून प्रत्येकीला दोन-दोन दिले होते. कसे वाफवायचे तेही सांगितलं होतं. माझे तुलनेचे तारे मीच रंगवले होते. आमच्या धंद्यात ही चूक पहिल्या वर्षाच्या पोरांना दाखवून हसतात: ज्याच्याशी ताडून बघायचं तोच बदलत असतो, आणि माणूस निवांत लिहितो, काही बदल नाही.

मग उत्तर मिळालंच की, असं तुम्ही म्हणाल. भोपळा. मीही घरी येईपर्यंत तेच म्हणत होते. पण संध्याकाळी टिलीला न्हाऊ घालताना, नव्या पांढऱ्या दिव्याखाली, माझ्या मनात आलं की भोपळा हे फार सोयीचं कारण आहे. सगळ्यांना लागू पडणारं कारण. सगळी बाळं भोपळ्यानं केशरी असतील आणि त्यातलं एकच दुसऱ्या कशानं, तर ते भोपळ्याआड किती निवांत लपेल! रोरी म्हणाला, “म्हणजे काल ती वेगळी आहे म्हणून काळजी, आणि आज ती वेगळी नाही म्हणून काळजी.” मी म्हटलं हो. तो टॉवेल घेऊन उभा राहिला आणि आणखी काही बोलला नाही, यातच आमचं लग्न टिकून आहे.

शुक्रवारची नर्स ग्लेनिस, साठीची, कपाटासारखी रुंद, हात बर्फासारखे. तिनं टिलीला खिडकीशी उजेडात नेलं, अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली आणि मला बोलावलं. “ये इकडे, राणी. काय दिसतंय?”

“डोळा.”

“डोळ्यात काय दिसतंय?”

“पांढरं.”

“स्वच्छ पांढरं. कावीळ असती तर आधी इथे उतरली असती. भोपळा डोळ्यांत उतरत नाही. तो कातडीत बसतो आणि खाणं कमी केलं की महिन्या-दोन महिन्यांत निघून जातो.” मग तिनं टिलीला काखोटीला मारलं आणि कंबरेवर दुसरा हात ठेवला. “आता मला सांग, हा भोपळा वाटतोय कोण? या महिन्यात माझ्याकडे येणारं एक बाळ धड रंगाचं नाही. मला वाटलं नळाच्या पाण्यात काहीतरी सोडलं सरकारनं!”

मी सांगितलं. ती हसून हसून खुर्चीवर बसली. “आणि तू काय करतेस, शिकलेली दिसतेस?”

“तारे. लाल तारे लाल का असतात ते.”

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. “बरं,” म्हणाली, “चालू दे.”

घरी येताना मी गाडीत मोठ्यानं हसले. आमच्यातही असंच एक पांढरं, म्हणजे खात्रीची खूण, आहे. कार्बनच्या ताऱ्यानं कार्बन आपल्या पोटात शिजवून वर आणला, की कुणी त्याच्या अंगावर ओतला? बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मग वर्णपटात एक मूलद्रव्य शोधायचं, जे ताऱ्याच्या पोटातच तयार होतं आणि फार काळ टिकत नाही. ते दिसलं तर माल घरचा. नाही दिसलं तर शेजारी कुणीतरी आहे, किंवा होतं: एक जोडीदार तारा, ज्यानं आपल्या अंगावरचं सगळं या ताऱ्याला देऊन टाकलं आणि स्वतः आकसून, दिसेल न दिसेल असा बाजूला पडून राहिला. टिली दुसऱ्या जातीची. तिचा जोडीदार मागच्या रस्त्यावर राहतो. हे ऑब्रींना सांगितलं तर ते खुर्चीतून पडतील, असं मनात घोळवत मी शनिवारी दुपारी ढकलगाडी घेऊन निघाले. रोरी सामान भरत होता.

ऑब्री व्हरांड्यात होते, उन्हात, लोकरी स्वेटर घालून. त्यांना दिवसाउजेडी पाहून मला किती दिवस झाले होते, हे तेव्हा लक्षात आलं नाही. ते रात्री जागतात, दुपारपर्यंत झोपतात. आम्ही भेटायचो ते अंधार पडल्यावर, त्यांच्या घरात, आणि त्यांच्या घरात सगळीकडे लाल दिवे. मी सगळं सांगितलं, फिनचे मोजे, ग्लेनिस, नळाचं पाणी. ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

“म्हणजे अख्खी पिढी रंगवली मी!”

“अख्खं उपनगर.”

“आणि तू ताडून काय पाहिलंस, तर एक भोपळा दुसऱ्या भोपळ्याशी! मी तुला पास कसं केलं?” त्यांनी स्वतःचे तळहात पुढे केले. “हे बघ. मीही तुमच्यातलाच. महिना झाला असेल. मी कुणाला केशरी म्हणून फोन करत सुटलो का?”

“बघू, बघू,” म्हणत मी पुढे झाले आणि ग्लेनिसची नक्कल करत, कपाटासारखी उभी राहून, त्यांची खालची पापणी अंगठ्यानं ओढली.

मी अजून हसत होते. तोंड हसत राहिलं आणि आत सगळं थांबलं, असं होतं कधीकधी. ते पांढरं नव्हतं. रुमालावरचा मोहरीचा डाग धुतल्यावर उरतो त्या रंगाचं होतं, कोपऱ्यापर्यंत. मी नजर काढून घेतली. दुसरा डोळा पाहिला. मग टिलीचा पाहिला. मग पुन्हा त्यांचा.

“ऑब्री, हा भोपळा नाही.”

“मग काय आहे? टोमॅटो?”

“भोपळा डोळ्यांत उतरत नाही.”

“कुणी सांगितलं?”

“ग्लेनिसनं.”

“ती नर्स? ती बाळांची आहे. मी एकोणऐंशीचा.” आणि ते दंड खाजवायला लागले. तेव्हा मला दिसलं की ते खाजवतच होते, मी आल्यापासून. आणि त्याही आधी, कित्येक आठवडे, त्या लाल उजेडात, आणि मी मनात म्हटलं होतं, लोकर टोचते. त्यांच्या पॅन्टला पट्ट्याऐवजी दुर्बिणीची केबल बांधलेली होती आणि मी रोरीला ते गंमत म्हणून सांगितलं होतं. मार्जरी नाही, धड जेवत नसतील, म्हणून बारीक झाले. रात्र-रात्र जागतात, म्हणून थकले. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला एक स्वतंत्र, शहाणं कारण होतं. टिलीच्या नाकासाठी मी चार दिवस जग उलटं केलं, आणि ज्याच्या यकृताची काळजी करायची तो माणूस माझ्या पायरीवर भोपळे ठेवून जात होता.

“आत्ता चला. गाडी आणते.”

“आज आकाश मोकळं आहे, पोरी.”

“ऑब्री!”

“त्याची अकरा वर्षं वाट पाहिली मी. आता तो उतरतोय, आणि मी इस्पितळात गाऊन घालून छताकडे बघत पडू? एकदा आत घेतलं की सोडत नाहीत ते. मार्जरीला कुठे सोडलं? तो पुन्हा उजळून वर आला की मी स्वतः जातो.”

“कधी येईल वर?”

त्यांनी खांदे उडवले. “काही महिने. कधीकधी वर्ष.”

मी भांडले. रोरीला बोलावलं, तो भांडला. टिली रडली. शेवटी त्यांनी हात वर केले, सोमवारी जातो, वचन, आणि आम्हाला घालवलं. रविवारी निघू नये असं मी म्हणत होते. पण दुर्बीण उघडून पडली होती, बाकीची माणसं पोचली होती, आणि रोरी म्हणाला, वचन दिलंय ना त्यांनी.

सोमवारी संध्याकाळी इथून, उत्तरेच्या डोंगरावरून, फोन केला. “गेलो होतो,” ऑब्री म्हणाले. “डॉक्टर म्हणाला, भोपळा.” फार पटकन म्हणाले.

“कोण डॉक्टर?”

“तोच. आपला.”

“नाव काय त्याचं?”

“नाव लक्षात नाही, पण माणूस चांगला. बरं, ऐक, काल तर तो इतका खाली गेला, की—”

फोनवर रंग दिसत नाही. चेहरा दाखवणारा फोन ते वापरत नाहीत. दवाखान्यातली मुलगी म्हणते, दुसऱ्याची माहिती देता येणार नाही. थुई फिनला घेऊन सिडनीला आईकडे गेलीय. ग्लेनिस म्हणते, कुणी बोलावल्याशिवाय मी मोठ्यांच्या घरी जाऊ शकत नाही, राणी, पण तू लाग मागे. पोलिसांना फोन केला तर तिथला माणूस शांतपणे म्हणाला, “बाई, ते फोन उचलतायत, बोलतायत, विनोद करतायत. मग आम्ही जाऊन बघायचं काय?” मी म्हटलं, डोळे. तो म्हणाला, बरं आहे तुमचं. रोरीचं काम संपायला अजून आठवडे आहेत, गाडी एकच आहे, आणि टिलीला परवापासून ताप आहे, साधाच, सर्दीचा. तिच्या डोळ्यांचं पांढरं मी दर तासाला बघते. काल फोनवर ऑब्रींचा आवाज मधेच थांबला आणि खाजवल्याचा ऐकू आला.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्यापैकी कुणी तिकडे कॅनबेराला राहत असेल, वेधशाळेच्या डोंगराच्या पायथ्याशी, तर जा. त्यांच्या घराची टपालपेटी म्हणजे दुर्बिणीची जुनी नळी आहे, चुकणार नाही. दुपारनंतर जा, आधी ते उठत नाहीत, आणि ऊन कलायच्या आत जा. दार उघडलं की ते आत या म्हणतील. आत जाऊ नका. तब्येत कशी आहे हे विचारू नका, ठणठणीत म्हणतील. डॉक्टरचं नावही काढू नका. सांगा की तुमची गाडी दारात बंद पडलीय, जरा हात लावता का. ते येतील. चपला न घालता येतील; अडलेल्या माणसाला ते नाही म्हणत नाहीत. त्यांना पुढच्या सीटवर बसवा, किल्ली फिरवायला सांगा, आणि तुम्ही खिडकीतून वाका. डोळ्यांत बघा. आणि मग त्यांना जरा सरकायला सांगा, दार लावून घ्या, आणि गाडी सुरू करा.